माळ्यावरचा रंगीत टीव्ही पुन्हा लावायचा असेल तर

जुन्या टीव्हीत ‘लाल पारा’ असतो आणि त्याचे लाखो रुपये मिळतात, ही अफवा गेली काही वर्षं मोबाइलवरून गावोगाव फिरते आहे. मध्येच विरते, मग पुन्हा कुठेतरी डोकं वर काढते. तिच्या नादी लागून लोकांनी माळ्यावरचे संच खाली उतरवले, मागचं झाकण उचकटलं, आतली काच फोडली आणि हाती काही लागलं नाही तेव्हा उरलंसुरलं भंगारवाल्याला दिलं. असा पारा टीव्हीत नसतो, रेडिओतही नसतो. मोलाची होती ती फोडलेली काच, म्हणजे पिक्चर ट्यूब. घरगुती रंगीत टीव्हीची ट्यूब आता कारखान्यात नव्याने बनत नाही. जगात जेवढ्या उरल्या आहेत तेवढ्याच.

१५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनचं राष्ट्रीय प्रसारण रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीत नववे आशियाई खेळ रंगांत दिसले आणि पुढच्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांत रंगीत संच येऊ लागले. आमच्या पुण्यातल्या घरी १९८४ मध्ये आला. वीस इंची, लाकडी पेटीचा, सरकत्या शटरचा. वीसेक वर्षं माळ्यावर पडून राहिलेला हा संच मी गेल्या वर्षी पुन्हा सुरू केला. येणाऱ्याजाणाऱ्याने तेव्हा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे नीट मांडतो. त्याआधी एक कळकळीची विनंती: तुमच्याकडे असा संच असेल तर ‘चालतोय का बघू’ म्हणून लगेच प्लग लावू नका. का, ते पुढे येईलच.

आधी चित्र कसं उमटतं ते पाहू

दिवाळीत अंधारात फुलबाजी गरगर फिरवली की हवेत उजेडाचं कडं दिसतं. खरं तर ठिणगी एका क्षणी एकाच जागी असते, उरलेलं कडं आपले डोळे पूर्ण करतात. जुना टीव्ही याच भरवशावर चालतो.

पिक्चर ट्यूब म्हणजे आतली हवा काढून टाकलेली जाड काचेची मोठी बाटली. तिच्या निमुळत्या मानेत एक बारीक तार तापते, तिच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या काचेला आतून लावलेल्या पावडरीवर आदळतात. आदळतात तिथे पावडर चमकते. मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यांना योक म्हणतात. योकच्या चुंबकीय ओढीने इलेक्ट्रॉनांचा झोत शेतात नांगर फिरावा तसा ओळीने फिरतो. फरक इतकाच की तो नेहमी डावीकडून उजवीकडेच नांगरतो, परतताना रिकामा येतो. आणि आधी एकाआड एक तास मारून सोडलेली तासं दुसऱ्या फेरीत भरून काढतो. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी.

हा आकडा कानालाही ऐकू येतो. टीव्ही लावला की येणारी ती अगदी बारीक, तीक्ष्ण शीळ हीच. आमचा संच सुरू झाला तेव्हा माझ्या मुलीला ती पलीकडच्या खोलीत ऐकू आली. शेजारी बसलेल्या बाबांना मात्र काहीच ऐकू आलं नाही, वयाबरोबर आपले कान तेवढे वरचे सूर सोडून देतात.

मग रंग कुठून येतात?

दारात छाप ठेवून रांगोळी काढतात ते आठवा. पत्र्याला भोकं, वरून रंग टाकला की भोकांतून खाली हवा तिथेच पडतो. रंगीत ट्यूबमध्ये पडद्याच्या काचेमागे असाच एक अतिशय पातळ पत्रा असतो, हजारो बारीक भोकांची जाळी. मानेत एकाऐवजी तीन झोत असतात. तिघे जरा वेगवेगळ्या कोनातून त्या भोकांत शिरतात, म्हणून एकाला फक्त लाल पावडर दिसते, दुसऱ्याला फक्त हिरवी, तिसऱ्याला फक्त निळी. भिंग घेऊन पडदा पाहिलात तर तिन्ही वेगळ्या दिसतील. लांबून डोळा त्या मिसळतो.

आता गंमत बघा. १९८२ मध्ये देशात घरोघरी होते ते काळेपांढरे संच. रंगीत प्रसारण सुरू झालं म्हणून ते बंद पडले नाहीत. कारण रंगाची माहिती मूळ काळ्यापांढऱ्या चित्रात अशा खुबीने मिसळली होती की जुन्या संचांनी तिच्याकडे सरळ दुर्लक्ष करावं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला केंद्राकडून एका ठरावीक कंपनाचा अगदी छोटा तुकडा येतो. गायकाला तानपुऱ्याने षड्ज द्यावा तसा तो रंगीत संचाला सूर देतो. संचातलं क्रिस्टल, म्हणजे ठरावीक वेगाने कंप पावणारा छोटा स्फटिक, त्या सुराशी जुळवून घेतं आणि मग लाल कुठे, हिरवा कुठे ते ठरतं. सूर जुळला नाही, तर संच बेसूर रंग दाखवण्यापेक्षा रंग बंदच करतो.

म्हणून जुना संच लावल्यावर चित्र स्वच्छ पण काळंपांढरं आलं, तर ‘ट्यूब गेली’ असं समजू नका. ट्यूब उत्तम आहे, पॉवर उत्तम आहे. बहुतेक वेळा रंगाच्या भागातलं क्रिस्टल किंवा एखादा फुटकळ भाग सुरातून उतरलेला असतो. केवळ या गैरसमजातून कितीतरी चांगले संच भंगारात गेले असतील.

वाटेत रंग बदलू नयेत म्हणून केलेली युक्ती

अमेरिकेतल्या आधीच्या पद्धतीत लहरीला वाटेत जरा धक्का लागला की माणसांचे चेहरे हिरवट नाहीतर जांभळट व्हायचे. तिथल्या संचांना रंगछटा जुळवायचं वेगळं बटनच असे. आपण घेतलेली पॅल पद्धत वॉल्टर ब्रूख यांनी जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या हॅनोवरच्या प्रयोगशाळेत विकसित केली आणि १९६३ मध्ये लोकांपुढे आणली.

तिचं तत्त्व वाण्याच्या तराजूने समजतं. तराजूत पासंग आहे असा संशय आला, तर माल एकदा डाव्या पारड्यात तोलायचा, एकदा उजव्या. एकदा जास्त भरेल, एकदा कमी. दोन्हींचा मध्य काढला की पासंग निघून जातो. पॅलमध्ये दर एका ओळीआड रंगाचा एक भाग उलटा करून पाठवतात, त्यामुळे वाटेत झालेली चूकही एका ओळीत इकडे आणि पुढच्या ओळीत तिकडे झुकते. दोन्हींचा मध्य काढला की रंग मूळ जागी येतो.

पण मध्य काढायचा तर आधीची ओळ पुढची येईपर्यंत कुठेतरी धरून ठेवायला हवी, बरोबर एका सेकंदाचे ६४ दशलक्षांश भाग. त्या काळात संचात स्मृती नव्हती. मग काय केलं? काचेची एक छोटी वडी घेतली. विजेच्या लहरीचं एका कडेला सूक्ष्म कंपनात रूपांतर केलं, ते कंपन काचेतून या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत गेलं आणि दुसऱ्या टोकाला नेमक्या तेवढ्या उशिराने पोचून पुन्हा वीज झालं. आमच्या संचाचा बोर्ड साफ करताना मला ती वडी सापडली, काडेपेटीहूनही पातळ. चाळीस वर्षांनीही तिचं काम बिनचूक चालू आहे, हे पाहून मी थक्क झालो. तिची जुळणी बिघडली तर रंगांत आडव्या पट्ट्या दिसतात. त्या दोषाला मेकॅनिक लोक आजही हॅनोवर शहराच्या नावाने ओळखतात.

नुसता पडून राहिलेला टीव्ही बिघडतो कसा?

पहिला आरोपी कंडेन्सर. वीज साठवून लागेल तशी सोडणारी ही छोटी डबी. तिच्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी आणि ओलसर कागद असतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल राहिलं की खार आटतो, तसाच रबरी बुचातून या डबीतला ओलावा वर्षानुवर्षं उडून जातो. शिवाय पत्र्यावरचा वीज अडवणारा पापुद्रा बिनवापराने कमकुवत होतो. अशा कंडेन्सरवर एकदम विजेचा पूर्ण दाब आला की तो फुगतो, फुटतो, आणि जाताना शेजारच्या भागांनाही घेऊन जातो. सुरुवातीला प्लग लावू नका म्हटलं ते यासाठी. नवे कंडेन्सर किरकोळ पैशांत मिळतात. क्षमता तीच घ्यावी, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंश तापमान सोसणारे मिळाले तर उत्तम. आणि उलटसुलट बाजू दहा वेळा तपासावी. चित्र वरून-खालून आक्रसतं, काळी पट्टी येते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरा आरोपी प्रत्येकाच्या आठवणीत आहे. टीव्हीच्या डोक्यावर एक थापटी मारली की चित्र यायचं ना? तो ड्राय सोल्डर. जड आणि तापणाऱ्या भागांचे पाय बोर्डाला ज्या कथिलाने जोडलेले असतात, तिथे रोजच्या तापण्या-निवण्याने केसाएवढी गोल चीर पडते. थापटीने ती घटकाभर जुळते. मात्र अशा चिरेत ठिणगी उडत राहिली तर झोत फिरवणारा मुख्य ट्रान्झिस्टर, जुन्या मेकॅनिकांचा ओळखीचा बीयू २०८, जळून जातो. भिंगाखाली बोर्ड पाहून असे सांधे पुन्हा सोल्डर करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फळ देणारं काम आहे. मी त्यावर दोन रविवार घालवले.

तिसरा आरोपी आपली हवा. कोकणात खारट वारा तांब्याच्या रेषा खातो, पावसाळ्यात धूळ ओल धरते, झुरळं आणि उंदीर जे मागे ठेवून जातात ते वीजवाहक असतं. म्हणून पावसाळा संपल्यावर, कोरड्या हवेत, मऊ ब्रशने सावकाश साफसफाई करावी. हे काम घाईचं नाही.

झटका खरंच एवढा धोकादायक असतो?

हो, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. इलेक्ट्रॉनांना वेग देण्यासाठी ट्यूबला पंचवीस हजारांच्या आसपास व्होल्ट लागतात. ते तयार करणाऱ्या भागाला ईएचटी म्हणतात. तिथून निघालेली जाड वायर रबरी टोपीखाली ट्यूबच्या पाठीत शिरते. ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून काळा लेप असतो, त्यामुळे ती स्वतःच मोठा कंडेन्सर होते आणि प्लग काढल्यावरही कितीतरी वेळ भार धरून ठेवते. हात लागून झटका बसला तर त्याहून मोठी इजा हात झटकताना होते, ट्यूबची मान मोडते ती वेगळीच. शिवाय पॉवरच्या भागातल्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, आणि ते जीवघेणे आहेत.

झाकण उघडून ब्रश फिरवण्याआधी हे दोन्ही भार उतरवून घ्यावेत, आणि ते काम ज्याने आयुष्यभर केलं आहे त्याच्याकडूनच. असे मेकॅनिक अजून बहुतेक गावांत आहेत. माझ्या मदतीला आलेले काका साठी ओलांडलेले. एक हात पाठीमागे ठेवूनच ते आत दुसरा हात घालत. त्यांची ही सवय मी मुकाट्याने उचलली.

आणखी एक. त्या काळच्या बऱ्याच संचांत ज्यावर बोर्ड बसवलेला असतो तो धातूचा सांगाडा थेट घरच्या लाइनशी जोडलेला असतो. अशा संचाला हौसेने मागे ऑडिओ-व्हिडिओचं सॉकेट बसवलं, तर वायरीला हात लावणाऱ्याला मेनचा झटका बसू शकतो. म्हणूनच कंपनीने ते सॉकेट दिलेलं नसतं.

एक्स-रेची भीतीही लोक विचारतात. ती निराधार नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही मोठ्या रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर किरण बाहेर पडत असल्याचं आढळलं आणि त्यानंतर तिथे कायदा झाला. ट्यूबच्या काचेत शिसं, बेरियम, स्ट्रॉन्शियम असतात ते किरण अडवण्यासाठीच. संच ठरलेल्या दाबावर चालत असेल तर काळजी नको. पण चित्र उजळावं म्हणून आतला पॉवरचा दाब वाढवून ठेवणं, हा जुना जुगाड कधीही करू नये.

प्लग लावायची वेळ

सफाई झाली, सांधे पाहिले, सुकलेले कंडेन्सर बदलले. आता संचाच्या वाटेत शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब जोडायचा, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत ‘सिरीज’. वीज आधी बल्बमधून जाऊन मग संचात जाते. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि संच वाचतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर निम्मी लढाई जिंकली. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. काही संचांची पॉवर शंभर वॉटच्या बल्बवर नीट उचलत नाही, नुसती टिकटिकते. तिथे दोनशेचा लावावा.

मग दिवे घालवून ट्यूबच्या मानेकडे पाहायचं. तिथे नारिंगी ठिणगीसारखा उजेड दिसला, त्या क्षणी मला काय वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

पडद्यावर रंगाचे डाग असतील तर घाबरू नका. आतली लोखंडी जाळी पृथ्वीच्या किंवा जवळच्या स्पीकरच्या चुंबकत्वाने भारली जाते. लहानपणी पडद्याला लोहचुंबक लावून जांभळा ठिपका पाडला असेल आणि मार खाल्ला असेल, तर तो दोष हाच. स्विच लावताना येणारा ‘धूंऽ’ आवाज ते चुंबकत्व पुसणाऱ्या वेटोळ्याचा असतो. मानेवरच्या रंगाने सील केलेल्या चुंबकी कड्यांना मात्र हात लावू नका. कारखान्यात तिन्ही झोत त्यांनी जुळवलेले असतात, आणि एकदा हलल्या की पुन्हा बसवताना दिवस जातो.

आणि ट्यूबच थकलेली निघाली तर?

चित्र यायला फार वेळ लागतो, उजळ भाग पसरतात, तीनपैकी एक रंग क्षीण दिसतो: ही थकव्याची लक्षणं. पूर्वी दुकानदार ‘बूस्टर’ बसवत. तापणाऱ्या तारेला थोडा जास्त दाब दिला की ती काही महिने जोमाने चालते. म्हाताऱ्या बैलाला टोचून चालवण्यासारखा हा प्रकार, आणि माझं मत त्याच्या विरोधात आहे. थोडं फिकं चित्र स्वीकारावं, संच रोज तासन्‌तास न लावता कधीमधी लावावा.

जुन्या ट्यूबची मान कापून नवी बसवून देणारे कारखाने होते. अमेरिकेत डी मॉइन शहरातला असा कारखाना २०१० मध्ये बंद झाला. त्याची यंत्रं ओहायो राज्यातल्या हिलियर्डच्या जुन्या टीव्हींच्या संग्रहालयाने घेतली. आपल्याकडे उरतो तो एकच मार्ग: बोर्ड जळालेला पण ट्यूब शाबूत असलेला त्याच मापाचा दुसरा संच शोधणं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपासची जुनी दुकानं आणि जुना बाजार इथे विचारून ठेवावं. ईएचटीसुद्धा अशाच दात्या संचातून मिळते.

संच वाचण्यासारखा नसेल तर तो भंगारवाल्याकडे फोडायला देऊ नका. त्या काचेत शिसं आहे. ई-कचऱ्याचे नियम २०२३ पासून नव्याने लागू झाले आहेत, अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

चालू झाला, पण त्यावर लागणार काय?

आमच्या गच्चीवरचा अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचा, तिथल्या प्रक्षेपकामुळे पुण्याला चित्र दिसे. आता नुसता अँटेना जोडला तर मुंग्याच दिसतील. दूरदर्शनने जमिनीवरचं ॲनालॉग प्रसारण टप्प्याटप्प्याने थांबवलं आणि २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणं सोडून ते संपलं.

उपाय सोपा आहे. डीडी फ्री डिशच्या साध्या सेट टॉप बॉक्सला पिवळी, लाल, पांढरी सॉकेटं असतात. तिथून निघालेलं चित्र मॉड्युलेटर नावाच्या छोट्या डबीत द्यायचं. ती डबी म्हणजे घरातलं इटुकलं दूरदर्शन केंद्र. तिची वायर थेट टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लागते. घेताना एवढंच पाहा की ती व्हीएचएफवर, म्हणजे टीव्हीच्या लहरींच्या खालच्या पट्ट्यावर, चालते की नाही. बाजारातल्या बऱ्याच डब्या फक्त यूएचएफवर, म्हणजे वरच्या पट्ट्यावर, असतात आणि जुन्या आठ बटनांच्या सगळ्याच संचांना तो पकडता येत नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचं प्रमाण ४:३ करा, नाहीतर माणसं उभी ताणलेली दिसतील. वीज साठ ते शंभर वॉट लागते, त्यामुळे बिलाची धास्ती नको.

शेवटचं काम रंग जुळवण्याचं, आणि ते सुरू होतं रंग पूर्ण बंद करून. कलरचं बटन शून्यावर आणायचं आणि मागचे, तिन्ही झोतांचा जोर ठरवणारे तीन स्क्रू इतक्या सावकाश फिरवायचे की चित्रातला करडा भाग खरोखर करडा दिसेल, ना गुलाबी, ना निळसर. काळंपांढरं चित्र निर्मळ झालं की मगच बटन हळूहळू वाढवायचं. आम्ही संध्याकाळच्या बातम्या लावून हे केलं. निवेदिकेच्या साडीचा हिरवा रंग वर येऊ लागला तेव्हा बाबा खुर्ची ओढून पडद्याजवळ आले, आणि बटन अजून थोडं मागे घे म्हणाले.